तुमचे कागद अजून कुणी पाहिलेलेच नाहीत
अमेरिकेतल्या मराठी लघुउद्योजकांना आणि महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

स.न.वि.वि.

करोनाच्या काळात पीपीपीचं, म्हणजे लहान धंद्यांना पगार चालू ठेवता यावेत म्हणून सरकारने आणलेलं, कर्ज घेतलं, ते माफ झालं, बँकेचं तसं पत्र आलं आणि विषय मिटला, असं तुमच्यापैकी बहुतेकजण धरून चालले आहेत. तो अजून मिटलेला नाही. मी मध्य न्यू जर्सीत छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. केटरिंगवाले, डे केअर चालवणाऱ्या, नृत्याचे वर्ग घेणाऱ्या, दोन-चार माणसांची आयटी कन्सल्टिंग कंपनी असलेले, असे सगळे आपलेच लोक. हल्ली त्यांच्याकडून एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे कानावर येते. कुणी धंदा विकला, कुणी पेरोल कंपनी बदलली, कुणी घर बदलताना बेसमेंट आवरलं, आणि त्यात २०२० आणि २०२१ चे कागद गेले. "माफ झालंय ना, मग कशाला ठेवायचे?" हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो की त्याचं उत्तर एकदा सगळ्यांसाठी मिळून लिहावं असं वाटलं.

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. २०३१ हे वर्ष संपेपर्यंत ती फाईल जपा. फाईल नसेल तर या महिन्यात बनवा, कारण आज मिळणारे कागद दोन वर्षांनी मिळणार नाहीत.

पीपीपी म्हणजे काय हे ज्यांना पाठ आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. २७ मार्च २०२० रोजी केअर्स कायद्यावर सही झाली आणि त्यात लहान धंद्यांसाठी ३४९ अब्ज डॉलर ठेवले गेले. ३ एप्रिलला अर्ज सुरू झाले, १६ एप्रिलला पैसे संपले. मग आणखी पैसे ओतले, पुन्हा अर्ज सुरू झाले, डिसेंबर २०२० च्या कायद्याने दुसरी फेरी आली आणि ३१ मे २०२१ रोजी योजना बंद झाली. सरासरी महिन्याच्या पगारखर्चाच्या अडीचपट कर्ज, एक टक्का व्याज, तारण काही नाही, जामीन नाही. आणि पैसे ठरलेल्या कामांवर ठरलेल्या मुदतीत खर्च केले तर सगळं कर्ज माफ.

यातलं शेवटचं वाक्य आपल्यातल्या पुष्कळांनी गावाकडच्या कानांनी ऐकलं. महाराष्ट्रात २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेलं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज शासनाने भरलं. आधार क्रमांक जुळला, यादीत नाव आलं, खातं बेबाक झालं. पैसे बियाण्यांवर गेले की घरच्या आजारपणावर, हे त्या टप्प्यावर कुणी विचारलं नाही. इथलं काम उलटं होतं. कर्ज मिळणं सोपं ठेवलेलं, आणि माफी पूर्णपणे खर्चावर टांगलेली. पैसे खात्यात पडले त्या दिवसापासून घड्याळ चालू, आणि त्या मुदतीतल्या प्रत्येक खर्चाला मागे कागद हवा.

आता मुद्दा असा की तो कागद बहुतेकांना कुणी मागितलाच नाही. पहिला माफीअर्ज, फॉर्म ३५०८, मे २०२० मध्ये आला तेव्हा तो अकरा पानांचा होता, लोक धास्तावले. ऑक्टोबर २०२० मध्ये ५० हजार डॉलरपर्यंतच्या कर्जांसाठी ३५०८एस नावाचा छोटा फॉर्म निघाला आणि पुढे दीड लाखापर्यंतच्या सगळ्यांना तो खुला झाला. पानभर माहिती, काही विधानांवर सही, बस. ऑगस्ट २०२१ पासून तर थेट एसबीएच्या, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या लघुउद्योगांच्या सरकारी खात्याच्या, पोर्टलवर फोनवरून अर्ज करता येऊ लागला. आपल्या लोकांची कर्जं सहसा याच गटातली. म्हणजे तुमची माफी तुमच्या सहीवर झाली. पुरावे तुमच्याकडेच राहिले, आणि 'मागितल्यास दाखवीन' हे तुम्ही त्या सहीनेच कबूल केलं. कुठल्याही रकमेचं कर्ज कधीही तपासायला घेण्याचा अधिकार एसबीएने नियमात स्वतःकडे ठेवलेला आहे.

किती वर्षं, ते बघू. मोठा ३५०८ किंवा ३५०८ईझेड फॉर्म भरलेल्यांनी माफीच्या तारखेपासून सहा वर्षं सगळं ठेवायचं. म्हणजे २०२१ मध्ये माफ झालं असेल तर २०२७ पर्यंत. ३५०८एस भरलेल्यांना पगाराचे कागद चार वर्षं आणि बाकीचे तीन वर्षं. या हिशेबाने छोट्या कर्जवाल्यांची मुदत संपली, असं त्यांचे मित्र त्यांना सांगतात, आणि फॉर्मवरचं तेवढंच वाचलं तर ते खरंही आहे. पण ५ ऑगस्ट २०२२ रोजी एक कायदा झाला, ज्याने पीपीपीमधल्या फसवणुकीबद्दल कारवाई करण्याची मुदत दहा वर्षं केली. मे २०२१ मध्ये घेतलेल्या कर्जावर मे २०३१ पर्यंत प्रश्न येऊ शकतो, आणि माफीअर्ज त्यानंतर दिला असेल तर त्या अर्जाची दहा वर्षं आणखी पुढे जातात. तुम्ही २०२२ मध्ये अर्ज केला असेल तर माझ्या २०३१ मध्ये एक वर्ष वाढवा. मी फसवणूक केलेली नाही, मला काय भीती, असं तुम्ही म्हणाल. भीती नाहीच. पण चौकशीचं पत्र सरळ माणसालाही येतं आणि त्याला उत्तर म्हणून "अहो, सगळे पैसे पगारालाच गेले" एवढं पुरत नाही.

हे सगळं इतकं किचकट का झालं, याबद्दल माझी सरकारवर रास्त तक्रार आहे. नियम खेळ चालू असताना बदलले. सुरुवातीला पैसे आठ आठवड्यांत खर्च करायचे होते आणि माफीतला ७५ टक्के भाग पगाराचा असायला हवा होता. आता एखादं रेस्टॉरंट डोळ्यांसमोर आणा. न्यू जर्सीत १६ मार्च २०२० ला आत बसून जेवणं बंद झालं, आणि ते सुरू झालं ४ सप्टेंबरला, तेही पंचवीस टक्के क्षमतेने. मे महिन्यात कर्ज मिळालेल्या मालकाने त्या आठ आठवड्यांत कुणाला कसला पगार द्यायचा? काहींनी माणसांना घरी बसवून पगार दिले. मग ५ जूनला कायदा बदलला: आठाचे चोवीस आठवडे, ७५ चे ६० टक्के. ज्यांनी घाईने पैसे उडवले ते हात चोळत बसले. करांचंही तेच. ३० एप्रिल २०२० ला आयआरएसने, म्हणजे इथल्या कर खात्याने, सांगितलं की माफ झालेल्या पैशातून केलेला खर्च टॅक्स रिटर्नमध्ये वजा करता येणार नाही. डिसेंबरच्या कायद्याने ते फिरवलं आणि वजावट दिली. एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांचं कर्ज आधी शेड्यूल सीच्या (रिटर्नमधल्या धंद्याच्या नफातोट्याच्या फॉर्मच्या) निव्वळ नफ्यावर ठरत होतं, मार्च २०२१ मध्ये ते ढोबळ उत्पन्नावर ठरू लागलं, पण ज्यांनी आधीच घेतलं होतं त्यांना त्याचा फायदा नाही.

या सगळ्यात कोण तरलं हे मी जवळून पाहिलं. तारीखवार जमाखर्च लिहिणारे तरले. अमुक दिवशी अमुक चेकने अमुक व्यक्तीला इतका पगार, अशी नोंद असली की आठ आठवडे धरा नाहीतर चोवीस, ६० टक्के लावा नाहीतर ७५, नवीन चाळणी लावून तीच नोंद पुन्हा गाळता येते. ज्यांनी महिन्याच्या शेवटी नुसती बेरीज ठेवली, 'पगार इतके, भाडं इतकं', त्यांना प्रत्येक नव्या नियमाबरोबर बँक स्टेटमेंटं उकरत बसावं लागलं. त्यांतल्या काहींचा पगार दर दोन आठवड्यांनी होत होता आणि मुदत मधल्या बुधवारी संपत होती. तो पगार कुठे धरायचा यावर दोन-दोन तास फोन चालले आहेत.

६० टक्क्यांचं गणित अजून लोकांना नीट कळलेलं नाही म्हणून एकदा मांडते. समजा कर्ज ४० हजार डॉलर. त्याचे ६० टक्के म्हणजे २४ हजार पगारावर जायला हवेत, उरलेले भाडं, वीज, पाणी, इंटरनेट, व्यवसायाच्या गहाण कर्जाचं व्याज यांत. दुसऱ्या फेरीपासून त्यात सॉफ्टवेअर, कच्चा माल पुरवणाऱ्यांची देणी, मास्क आणि काचेचे आडोसे यांचा खर्चही आला. आता पगारावर १८ हजारच गेले असतील तर सगळी माफी बुडाली, असं नाही. १८ हजार हे ज्याचे ६० टक्के होतात ते ३० हजार माफ, उरलेले १० हजार एक टक्का व्याजाने फेडायचे. 'साठ टक्के झाले नाहीत तर शून्य' ही अफवा ऐकून एका गृहस्थांनी माफीचा अर्जच केला नव्हता, ते कर्ज हप्त्यांनी फेडत होते. पैसे खर्च करायची मुदत संपल्यावर दहा महिन्यांत माफीचा अर्ज केला नाही तर हप्ते सुरू होतात. पण हप्ते सुरू झाले तरी कर्जाची मुदत संपेपर्यंत माफी मागता येत होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता खास आपल्या लोकांच्या ठिकाणी कुठे घोळ होतो ते सांगते, कारण बाकीचं कुठलाही सीपीए, म्हणजे इथला सीए, सांगेल.

पहिला घोळ पुण्याचा. एडिसनला किंवा डॅलसला नोंदलेली कन्सल्टिंग कंपनी, इथे चार माणसं, हिंजवडीला पंधरा. मालकाच्या डोक्यात कंपनी एकच असते, त्यामुळे पगारखर्च काढताना सगळ्यांचा काढला जातो. कायद्यात स्वच्छ लिहिलंय की ज्याचं मुख्य राहतं ठिकाण अमेरिकेबाहेर आहे त्याचा पगार धरता येत नाही. एच-१बी व्हिसावर इथे राहणाऱ्याचा चालतो. आणि गंमत अशी की कंपनी ५०० माणसांच्या मर्यादेत बसते का हे पाहताना मात्र परदेशी संलग्न कंपनीची माणसंही मोजायची होती. तुमचा पगारखर्च पुण्याच्या माणसांशिवाय कसा निघाला, हे दाखवणारा एक कागद फाईलमध्ये हवाच.

दुसरा घोळ १०९९ चा. गणपतीत मोदक वळायला येणाऱ्या चार जणी, वर्गात शिकवणारी सहायक शिक्षिका, प्रोजेक्टपुरता घेतलेला प्रोग्रामर, यांना आपण वर्षअखेरीस १०९९, म्हणजे कंत्राटी कामाच्या मोबदल्याचा फॉर्म, देतो. ते तुमच्या पेरोलवर नसतात, पीपीपीत ते स्वतःचा स्वतंत्र अर्ज करू शकत होते, म्हणून तुमच्या अर्जात त्यांचे पैसे पगार म्हणून धरता येत नव्हते. आणि ज्यांना रोख किंवा झेलने पैसे दिले त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. फॉर्म ९४१ वर, म्हणजे पगारावरच्या करांच्या तिमाही फॉर्मवर, जे नाही ते पगार म्हणून सिद्ध करणं फार जड जातं.

तिसरा घरचा. कंपनी नवऱ्याची, पेरोलवर बायको, ऑफिस घराच्या बेसमेंटला, भाडं कंपनी नवऱ्यालाच देते. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की त्यात कुणाला वावगं वाटत नाही, आणि वावगं नाहीही. पण मालकाच्या पगाराला माणशी २०,८३३ डॉलरची कमाल मर्यादा होती, धंदे दोन असले तरी सगळे मिळून तेवढीच. आणि स्वतःच स्वतःला दिलेल्या भाड्याबद्दल ऑगस्ट २०२० मध्ये नियम आला की त्या जागेच्या गहाण कर्जावरचं त्या मुदतीतलं जेवढं व्याज असेल तेवढंच भाडं माफीत धरायचं. घर कर्जमुक्त असेल तर शून्य. घरातल्या ऑफिसच्या वीजबिलाचाही तेवढाच हिस्सा, जेवढा तुम्ही २०१९ च्या रिटर्नमध्ये दाखवला होता. तिथे दाखवला नसेल तर इथेही नाही.

कामावर परत न आलेल्या माणसांचंही एक प्रकरण आहे. २०२० च्या जुलैअखेरपर्यंत बेकारभत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे मिळत होते, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या मदतनिसांना परत बोलावलं तरी ते येईनात. माणसं कमी झाली की माफीही कमी होते, पण तुम्ही लेखी बोलावलं आणि त्यांनी नकार दिला हे दाखवता आलं तर होत नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी हे बोलावणं व्हॉट्सअॅपवर केलं. ते संभाषण कुठल्या फोनमध्ये आहे? ५० हजारांपर्यंतच्या कर्जांना ही अट नव्हती, तेवढ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकावा. बाकीच्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवावेत.

आणि ईआरसी. पीपीपी घेतलेल्यांनाही हा पगारावरचा टॅक्स क्रेडिट मिळू शकतो असं डिसेंबर २०२० नंतर ठरलं, मग दलालांचे फोन सुरू झाले. तुमच्या माणसांमागे इतके हजार आणून देतो, आम्हाला इतके टक्के द्या. अट एवढीच की एकच पगार दोन्हीकडे वापरायचा नाही. ती अट किती दलालांनी पाळली देव जाणे. बोगस दाव्यांचा इतका पूर आला की १४ सप्टेंबर २०२३ पासून आयआरएसने नव्या अर्जांवर काम थांबवलं. तुम्ही दोन्ही घेतलं असेल तर कुठल्या आठवड्याचा पगार पीपीपीत गेला आणि कुठला ईआरसीत, याचा तक्ता तुमच्याकडे असायला हवा. दलालाकडे आहे असं समजू नका, त्याचा फोन लागतो का ते आधी बघा.

थोडं विषयांतर, पण गरजेचं. ईआयडीएल नावाचं दुसरं कर्ज याच काळात एसबीएने थेट दिलं, ३.७५ टक्क्यांनी, ३० वर्षांच्या मुदतीने. ते माफ होत नाही. त्याबरोबर मिळालेला छोटा अॅडव्हान्स परत करायचा नव्हता, त्यावरून मूळ कर्जही कधीतरी माफ होईल अशी आशा लोकांनी धरली आणि अजून काहींनी सोडलेली नाही. त्या करारात खर्चाच्या पावत्या शेवटचा पैसा मिळाल्यापासून तीन वर्षं ठेवायची अट होती, आणि व्यवसायाच्या वह्या तर कर्ज फिटून तीन वर्षं होईपर्यंत. दोन लाखांवर रक्कम असेल तर तुमची वैयक्तिक हमी आहे, म्हणजे कंपनी बंद केली तरी कर्ज घरापर्यंत येतं. पीपीपीची फाईल आणि ही फाईल वेगळी ठेवा.

फाईलमध्ये काय? कर्जाचा अर्ज आणि तो भरताना केलेलं गणित, कर्जाचा करार, माफीचा अर्ज, माफीचं पत्र. त्या मुदतीतले पेरोल कंपनीचे रिपोर्ट, ९४१ आणि राज्याचे तिमाही फॉर्म. भाडेकरार, आणि तो १५ फेब्रुवारी २०२० च्या आधी अमलात होता हे त्यावरच्या तारखेने दिसायला हवं. बिलं, आणि ती भरल्याचे चेक किंवा बँक स्टेटमेंट. दुसऱ्या फेरीचं कर्ज घेतलं असेल तर एखाद्या तिमाहीत विक्री निदान २५ टक्क्यांनी घटली हे दाखवणारे आकडे. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला यातलं फारसं लागत नाही: ज्या वर्षावर कर्ज ठरलं ते शेड्यूल सी आणि त्या काळातली बँक स्टेटमेंटं बहुतेक पुरतात. पेरोल कंपनीची वर्गणी बंद करण्याआधी सगळे रिपोर्ट उतरवून घ्या, नंतर तुमचा पासवर्ड चालेलच असं नाही. बँकेच्या संकेतस्थळावर जुनी स्टेटमेंटं काही वर्षांपुरतीच असतात, २०२० ची आजच काढा. कर्ज एखाद्या ऑनलाइन कंपनीकडून घेतलं असेल तर ती कंपनी अजून आहे का बघा. त्यातल्या काही बुडाल्या, काहींनी कर्जं दुसऱ्याकडे सोपवली, आणि माफीचं पत्र त्यांच्या पोर्टलवरच राहिलं.

आता मंडळांच्या कार्यकारिणींना. २०२० च्या एप्रिलमध्ये तुम्ही झूमवर पीपीपीचे कार्यक्रम केलेत, ते चांगलंच झालं, पुष्कळांना पैसे मिळाले ते त्यामुळेच. पण ते सगळे कार्यक्रम 'कर्ज कसं मिळवायचं' इथे संपले. खर्च कसा लिहायचा, माफी कशी मागायची यावर फार कमी झालं, आणि त्यानंतर काय ठेवायचं यावर मी तरी एकही ऐकलेला नाही. आपल्याकडे यशस्वी उद्योजकाची मुलाखत होते, कंपनी कशी विकली यावर टाळ्या पडतात. हिशेबाचा विषय काढला की श्रोते चहाकडे वळतात. शिवाय चारचौघांत आपले आकडे सांगायला आपण लाजतो, त्यामुळे एकाने केलेला घोळ दुसऱ्याला कळत नाही आणि दहा जण तोच करतात. नाव न सांगता प्रश्न विचारता येतील अशी एक बैठक ठेवा. दोन सीपीए आणि एक वकील आपल्यातूनच मिळतील. दिवाळीच्या कार्यक्रमात मुख्य कार्यक्रमाआधीचा तास मिळाला तरी पुरे, शेजारच्या खोलीत, स्कॅनर घेऊन. आमच्या भागात कुणी ठरवलं तर स्कॅनर मी आणते.

कळावे,
आपली नम्र,
मध्य न्यू जर्सीतली एक हिशेबनीस

ता.क. तुमच्या कर्जाबद्दल एसबीएचं किंवा बँकेचं पत्र आधीच आलेलं असेल तर हे पत्र वाचून स्वतः उत्तर लिहू नका. वकिलाला दाखवा, आणि तोवर एकही कागद फाडू नका.